पन्नास माणसांचं गाव, सातशे मीटरची भिंत

एवढासा ओढा! काठावर उभं राहून मी कितीतरी वेळ नुसती बघतच राहिले. कोकणात पावसाळ्यात घरामागून धावणारा पऱ्यासुद्धा याच्याहून रुंद असतो. टानबाख याचं नाव. तळाशी गुळगुळीत दगड, काठांवर ओलं लुसलुशीत गवत, मधूनच पिवळी रानफुलं. एखादी चपळ पोर परकर खोचून एका उडीत पलीकडे जाईल. आणि याच ओढ्यावर चाळीस वर्षं जगाचे दोन तुकडे एकमेकांना भिडून उभे होते. या काठावर अमेरिकेच्या गोटातलं जग, त्या काठावर सोव्हिएत रशियाच्या गोटातलं. मधे हे खळखळतं पाणी.

गावाचं नाव म्योडलारॉइट. जर्मनीतल्या होफ शहराच्या उत्तरेला, झेक देशाची हद्दही इथून जवळच. अर्धं गाव बव्हेरिया राज्यात, अर्धं थुरिंगिया राज्यात, आणि दोन्ही अर्धी मिळून माणसं पन्नासच्या आसपास. आपल्याकडे याला कुणी गाव म्हणणार नाही, वाडी म्हणेल. एका हाकेत सगळी गोळा व्हावीत एवढी. आणि एवढ्याशा वाडीच्या पोटातून सातशे मीटर लांब, तीन मीटर तीस सेंटिमीटर उंच काँक्रीटची भिंत गेली होती! पन्नास माणसांना सातशे मीटर. हा हिशेब मी मनात पुन्हा पुन्हा मांडत होते आणि तो काही केल्या मला पचत नव्हता.

मे महिना चालू होता. आपल्याकडे या दिवसांत माळरान करपलेलं असतं, विहिरींचे तळ दिसतात. इथे चढउतारांवर मैलोन् मैल पिवळं पीक पसरलेलं. मोहरीच्या कुळातलं, तेलासाठी लावतात. लातूरकडची सूर्यफुलाची शेतं मी पाहिली आहेत, पण त्यांत हिरवा रंग मिसळलेला असतो. हा पिवळा निखळ, डोळे दिपवणारा, त्याला मधासारखा जडसर वास, आणि त्याच्या कडेला काळपट हिरवं सूचिपर्णी रान एकदम भिंतीसारखं उभं. वारा मात्र बोचरा. या भागाला जर्मन लोक ‘बव्हेरियाचा सायबेरिया’ म्हणतात, ते मे महिन्यातही अंगाला जाणवलं. घरांची छपरं पाहून तर मी हरखूनच गेले. आपल्या कौलांचा तांबडा रंग नाही; काळ्या-निळसर पाटीच्या दगडाच्या पातळ चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक बसवलेल्या. लहानपणी ज्या पाटीवर मी अ-आ गिरवला, तो दगड इथे घरांच्या डोक्यावर! याच डोंगरपट्ट्यातल्या खाणींच्या दगडातून शाळेच्या पाट्याही बनत. शेणाचा वास, ताज्या कापलेल्या गवताचा वास, लांबवर कुठेतरी ट्रॅक्टरची घरघर. शेतकऱ्याचं गाव कुठल्याही देशात नाकाने ओळखता येतं.

या ओढ्याची हद्द दुसऱ्या महायुद्धाने आखली असं मी धरून चालले होते. पण ती त्याच्या कितीतरी आधीची निघाली. १८१० साली नेपोलियनच्या उलथापालथीत बायरॉइटचा मुलूख बव्हेरियाच्या राज्याला मिळाला. ओढ्यापलीकडे रॉइस घराण्याचं छोटं संस्थान होतं. दोन राज्यांची शीव म्हणून टानबाखच्या काठाने दगड रोवले गेले, एका अंगाला बव्हेरियाची आद्याक्षरं, दुसऱ्या अंगाला रॉइसची. त्या साली आपल्याकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती! म्हणजे पेशवाई बुडाली, कंपनी सरकार आलं, गेलं, राणीचं राज्य आलं, आणि या सगळ्या काळात टानबाखचे दगड आपापल्या जागी शेवाळ धरत होते.

त्या दगडांनी कुणाचंही काही बिघडवलं नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. शाळा होती थुरिंगियाच्या काठावर, तिथे दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसत. गावची खानावळही त्याच काठावर. संध्याकाळी बिअरचे पेले घेऊन दोन्हीकडचे शेतकरी तिथेच. देऊळ म्हणाल, म्हणजे चर्च, तर ते गावात नव्हतंच. रविवारी अख्खं गाव बव्हेरियातल्या शेजारच्या ट्योपेन गावी चालत जाई. या काठची मुलगी त्या काठी सून म्हणून जाई. आपल्याकडे पटवर्धनांच्या सांगली-मिरजेची गावं इंग्रजी मुलखात अशीच विखुरलेली होती. शेत एका दरबारात, बाजार दुसऱ्या, सोयरीक तिसऱ्या. आणि माणसं बिनघोर जगत होती. राजे, संस्थानं जाऊन जर्मनीत प्रजासत्ताक आलं, रॉइसचा मुलूख १९२० साली थुरिंगियात विरघळला, तरी ओढा तसाच राहिला. आधी दोन राज्यांची शीव, मग एकाच देशातल्या दोन प्रांतांची. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ही रेघ होती आणि ती कुणाला टोचली नाही.

मग ती टोचायला लागली कशी?

युद्ध संपण्याआधीच, १९४४ साली लंडनमध्ये, मोठ्या सत्तांनी हरणाऱ्या जर्मनीची वाटणी कागदावर केली. कागदावर नवी रेघ ओढण्यापेक्षा जुन्या प्रांतांच्या हद्दी उचलणं सोपं. थुरिंगिया सोव्हिएत वाट्याला, बव्हेरिया अमेरिकेच्या. त्या टेबलाभोवतीच्या कुणीही टानबाखचं नाव ऐकलेलं नसणार. फाळणीच्या वेळी रॅडक्लिफने आपल्या देशावर रेघ ओढली तेव्हा त्या रेघेखाली कुणाचं अंगण येतंय हे त्याला कुठे ठाऊक होतं? तसंच हे. १९४५च्या जुलैत थुरिंगियातून अमेरिकन फौजा ठरल्याप्रमाणे मागे सरल्या, सोव्हिएत सैन्य आलं आणि जुनी गावशीव दोन लष्करी विभागांची हद्द झाली. १९४९ साली दोन जर्मन देश जन्मले, तेव्हा ती दोन देशांची सरहद्द झाली. तरीही परवाना दाखवून ओढा ओलांडता येत होता. शेत पलीकडे असलं तर कसायला जाता येत होतं. गाव अजून एकच होतं.

२६ मे १९५२. ही तारीख या वाडीच्या काळजावर कोरली आहे. पूर्व जर्मनीच्या सरकारने त्या दिवशी हुकूम काढला. हद्दीलगत दहा मीटरचा पट्टा नांगरून उघडा ठेवायचा, माती भुसभुशीत, कुणी पाऊल टाकलं तर ठसा उमटावा म्हणून. त्याच्या मागे पाचशे मीटरचा पट्टा, जिथे दिवसाउजेडीच हालचाल करायची. त्याच्याही मागे पाच किलोमीटर रुंद निर्बंधाचा पट्टा, जिथे परवान्याशिवाय बाहेरच्या माणसाने पाय ठेवायचा नाही. आता म्योडलारॉइटचा पूर्वेकडचा काठ डोळ्यांसमोर आणा. अख्खी वस्ती त्या पहिल्या पाचशे मीटरांतच! घर, गोठा, परसू, सगळं. लेकीला माहेरी यायचं तर सरकारी कागद. मामाला भाचीच्या वाढदिवसाला यायचं तर कागद, आणि तो बहुतेक वेळा मिळायचाच नाही.

त्याच जूनमध्ये सरहद्दीच्या संपूर्ण पट्ट्यातून ‘भरवशाची नाहीत’ असा शिक्का बसलेली माणसं उचलून देशाच्या आतल्या भागात नेऊन टाकली. सरकारी दप्तरात त्या मोहिमेचं नाव होतं ‘कीड’. सगळ्या हद्दीवर मिळून आठ हजारांहून अधिक माणसं. १९६१ साली पुन्हा एकदा तेच, आणखी तीन हजारांहून अधिक. काही तासांत सामान बांधायचं, ट्रकमध्ये चढायचं. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेलेल्या लोकांकडून घर सुटण्याच्या कथा मी ऐकल्या आहेत. पण तिथे निदान पाणी चढलेलं डोळ्यांना दिसत होतं. इथे घर जागच्या जागी उभं, ओटा सारवलेला, झाडाला फळ धरलेलं, आणि माणसाला तेवढं उपटून नेलं. अशी रिकामी घरं हद्दीला फार जवळ वाटली की पुढे पाडूनही टाकत, पहाऱ्याच्या नजरेत काही आड येऊ नये म्हणून.

आधी आली फळ्यांची भिंत, माणसाच्या डोक्याहून उंच. मग काटेरी तारा. आणि १९६६ साली काँक्रीट. बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली १९६१च्या ऑगस्टात, त्यानंतर पाच वर्षांनी या वाडीला तसलीच भिंत मिळाली. दोन जर्मनींमधली हद्द जवळजवळ चौदाशे किलोमीटरची, नेमकी सांगायची तर १३९३. मुंबईहून दिल्लीचं अंतर! तिच्यावर बहुतेक ठिकाणी लोखंडी जाळीचं कुंपण होतं, भिंत नव्हती. मग इथेच भिंत का? कारण जाळीतून दिसतं. इथे घरासमोर घर होतं, खिडकीसमोर खिडकी. जाळीपलीकडून चुलतभाऊ दिसला असता, त्याची नवी गाडी दिसली असती, वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरात बाळ आलंय हे कळलं असतं. ते कळू नये म्हणून काँक्रीट.

भिंतीचा शंभरेक मीटरचा तुकडा जपून ठेवला आहे. मी त्याच्याजवळ जाते. हात लावते. गार. वारा लागून खरबरीत झालेला पृष्ठभाग, सांध्यांमध्ये बारीक शेवाळ. वर बघते तर मान मागे जाते. पलीकडचं एकच दिसतं, एका घराच्या काळ्या छपराचा शेंडा. बर्लिनच्या भिंतीवर चित्रं आहेत, घोषणा आहेत, रंगांचा नुसता जल्लोष आहे. इथे एकही रंग नाही. नुसती भिंत. जंजिऱ्याचा तट मी पाहिला आहे, दौलताबादचा पाहिला आहे. ते तट शत्रू आत येऊ नये म्हणून बांधले. हा तट आपलीच माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून बांधला! त्याच्या मागे गेल्यावर हे ठळक दिसतं. नांगरलेला पट्टा, तारांचं कुंपण, गाडी अडावी म्हणून खणलेला चर, टेहळणीचा गोल मनोरा, पहाऱ्याच्या गाड्यांसाठी भोकं पाडलेल्या सिमेंटच्या लाद्यांची वाट. प्रत्येक गोष्टीचं तोंड गावाकडे आहे. चराचा तिरका उतार गावाच्या बाजूला आणि उभा कडा हद्दीकडे, म्हणजे गावातून येणारी गाडीच नेमकी त्यात अडकावी. शत्रूच्या दिशेने काहीच नाही. हे पाहून माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

माहिती देणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते, बोलणं सावकाश, एकेक शब्द तोलून. त्यांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टींमधली एक माझ्या मनातून हलत नाही. पूर्वेच्या काठावरच्या माणसाने पश्चिमेकडच्या माणसाला हात करायचा नाही. हसायचं नाही, हाक मारायची नाही, रामराम घालायचा नाही. बंदी! पश्चिमेकडून कुणी ‘काय, बरं आहे ना?’ असा हात केला, तर पूर्वेकडच्याने खाली मान घालून निघून जायचं. आणि अंतर किती? आपल्या जुन्या वाड्यांच्या गल्लीत या ओट्यावरची बाई त्या ओट्यावरच्या बाईला भाजी काय केली विचारते ना, तेवढं. त्या अंतरावर सख्खे शेजारी, एका बाकावर शिकलेले मित्र, सदतीस वर्षं एकमेकांना ओळख देऊ शकले नाहीत. माणसाला कैद करण्याचे कितीतरी प्रकार मी वाचले होते. उचललेला हात खाली घ्यायला लावणं हा प्रकार मी इथे पहिल्यांदा समजून घेतला.

पश्चिमेच्या काठावर मात्र कुणीही यावं. तिथे बसगाड्या यायच्या, शाळांच्या सहली यायच्या, अमेरिकन सैनिक गस्त घालायचे. त्यांनीच या वाडीला ‘छोटं बर्लिन’ म्हणायला सुरुवात केली. कुठे लाखोंचं बर्लिन, कुठे ही शेणामातीची वाडी! १९८३च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश थोरले इथे येऊन भिंत पाहून गेले. कडाक्याची थंडी, गोठ्यांतून वाफा, आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस त्या चिखलवाटेवर उभा. पण पाहुण्यांनाही सांभाळून उभं राहावं लागे. भिंत हद्दीच्या नेमक्या रेषेवर नव्हती, पूर्वेच्या जमिनीवर थोडी आत होती. खरी हद्द ओढ्याच्या पाण्यात. ‘थांबा! इथे सरहद्द’ असे फलक लावलेले असत. ओढा ओलांडून भिंतीला पाठ टेकवली की माणूस परक्या देशात.

ही भिंत ओलांडून कुणी पळून गेलं का? मी विचारलं. गेलं, एकदाच. २५ मे १९७३. हा भाग पायाखालचा असलेला एक माणूस, गाडी घेऊन भिंतीपर्यंत आला, सोबत आणलेली शिडी लावली आणि पलीकडे उडी घेतली. बस. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी घोरपड लावून किल्ले चढल्याच्या गोष्टींवर आपण वाढलो. इथे स्वतःच्याच गावातून बाहेर पडायला तेवढंच धाडस लागत होतं. इथून फार दूर नाही अशा थुरिंगियातल्या एका माळावरून १९७९च्या सप्टेंबरात दोन कुटुंबं, चार मोठी माणसं आणि चार मुलं, घरी कापड शिवून केलेल्या गरम हवेच्या फुग्यातून रात्री उडाली आणि अर्ध्या तासाच्या आत बव्हेरियातल्या नायला गावाजवळ उतरली. या भेटीत रात्री मी तिथल्या आभाळाकडे बघत राहिले होते. चांदण्या लख्ख, हवा बोचरी. एवढ्या उंच काळोखात, शिलाई मशीनवर शिवलेल्या कापडाखाली, चार लेकरं!

१९८९ साल उजाडलं आणि सगळा पट उसकटत गेला. प्रागच्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेल्या हजारो पूर्व जर्मनांना घेऊन आगगाड्या १ ऑक्टोबरला होफच्या स्थानकात शिरल्या. होफकरांनी कपडे, खाणं, खेळणी घेऊन स्थानक गाठलं. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांसाठी गावंच्या गावं पातेली घेऊन उभी राहतात, ते दृश्य मी लहानपणापासून पाहते आहे. ते वर्णन ऐकताना माझ्यापुढे तेच उभं राहिलं. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली, माणसं तिच्यावर चढून नाचली, जगाने ते दूरदर्शनवर पाहिलं. म्योडलारॉइटमध्ये मात्र भिंत जशीच्या तशी! शेजारी हाकेच्या अंतरावर, पण भेटायचं तर लांबच्या नाक्याला वळसा घालून. अख्खा महिना असा गेला. अखेर ९ डिसेंबरला भिंतीत माणसाला चालत जाता येईल एवढी वाट उघडली आणि दोन्ही काठ एकमेकांच्या गळ्यात पडले. मग १७ जून १९९० रोजी यंत्राचा पंजा भिंतीला भिडला. तो दिवसही कसा पाहा. १९५३ साली त्याच तारखेला पूर्व जर्मनीतले कामगार सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले होते आणि रणगाड्यांनी त्यांना चिरडलं होतं. ३ ऑक्टोबरला देश एक झाला. गावाने शहाणपणा एवढा केला की भिंतीचा एक तुकडा, मनोरा आणि कुंपण पाडू दिलं नाही. त्याचंच आज संग्रहालय आहे.

९ डिसेंबर १९८९ या तारखेला आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते ती भिंत उघडण्याइतकीच मोठी आहे. त्याच दिवशी होफमध्ये दोन्ही जर्मनींतले सुमारे चारशे निसर्गप्रेमी एकत्र जमले. त्यांच्यात काई फ्रोबेल नावाचा तरुण होता. हद्दीजवळच्या गावात वाढलेला, दुर्बीण घेऊन वर्षानुवर्षं पक्षी मोजणारा. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या ध्यानात आलं होतं की कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शेतीने रान खाल्लं, पण मधल्या मरणाच्या पट्ट्यात, जिथे नांगर नाही, खत नाही, माणूस नाही, तिथे दुर्मीळ पक्षी सुखाने घरटी करत आहेत. त्या सभेने ठराव केला, हा पट्टा राखायचा. आज बाल्टिक समुद्रापासून झेक हद्दीपर्यंत ती हिरवी पट्टी नांदते आहे. बाराशेहून अधिक दुर्मीळ वा संकटात सापडलेल्या जातींचं ते घर आहे. आपल्या सह्याद्रीतल्या देवराया देवाच्या धाकाने वाचल्या. ही राई बंदुकीच्या धाकाने वाचली, आणि बंदूक गेल्यावर माणसांच्या शहाणपणाने.

भोकांच्या लाद्यांवरून मी चालू लागते. लाद्यांच्या भोकांतून गवत, त्यात जांभळी फुलं, वर कुठेतरी चंडोल गातोय, थांबतच नाही. डावीकडे बव्हेरिया, उजवीकडे थुरिंगिया. आणि इथेच मला आणखी एक धक्का बसतो. हद्द गेलेलीच नाही! भिंत गेली, हद्द आहे. टानबाख आजही दोन राज्यांची शीव आहे. पन्नास माणसांना दोन महापौर, कारण एक अर्धं ट्योपेनच्या पंचायतीत, दुसरं गेफेलच्या. पिनकोड दोन, ९५१८३ आणि ०७९२६. फोनचे क्रमांक वेगळे, गाड्यांच्या पाट्यांवरची अक्षरं वेगळी. या काठावर भेटलेली म्हातारी देवाचं नाव घेऊन नमस्कार करते, त्या काठावरची नुसता शुभदिवस म्हणते. ३१ ऑक्टोबरला थुरिंगियात धर्मसुधारणेच्या आठवणीची सुट्टी, बव्हेरियात कामाचा दिवस. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, बव्हेरियात सगळ्या संतांच्या नावाने सुट्टी आणि थुरिंगियात शाळा भरलेली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणीकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. १ मे कुणाचा आणि १ नोव्हेंबर कुणाचा, हे तिकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. बटाट्याचे गोळे तेवढे दोन्हीकडे सारखेच केले जातात, आणि खरी कृती आमचीच असं दोन्हीकडे सांगतात. मी दोन्हीकडचे खाल्ले. रश्शात बुडवून खायचे, मऊ, जड, पोटाला आधार देणारे. थुरिंगियाचे मला जास्त आवडले.

आता दोन काठांमध्ये उरलं आहे ते एवढंच, आणि माणसांना त्याचा त्रास नाही. १८१०च्या दगडांचाही त्यांना त्रास नव्हता. त्रास झाला तो रेघेवर पहारा बसल्यापासून. परत आल्यावर माझं मन सारखं चंद्रपूरकडे धावतंय. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथल्या महाराजगुडा गावात एका घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात आणि काही तेलंगणात आहेत, कर दोन्हींकडे भरतात. आपण अशा बातम्या गमतीने वाचतो आणि पान उलटतो. तिथे भिंत नाही, कुणी हात करायला बंदी घातलेली नाही, ही केवढी श्रीमंती आहे हे मला म्योडलारॉइटने दाखवलं. पण रस्ता कुणी करायचा, रेशन कुणी द्यायचं, जमिनीचा कागद कुणाचा, हे प्रश्न तिथल्या माणसांना रोज पडतात. ते सोडवायला कुठला महायुद्धाचा तह आड येत नाही. मुंबई आणि हैदराबाद या दोनच ठिकाणी बसून ते सुटू शकतात, आणि सुटले पाहिजेत.

युरोपला जाणारे आपले लोक म्युनिक पाहतात, राजवाडे पाहतात, बर्लिनच्या भिंतीसमोर छायाचित्र काढून घेतात. अवश्य पाहा. पण एक दुपार या वाडीसाठी काढा. आणि गेलात तर पश्चिमेकडून सुरुवात करू नका. त्या काठावरून भिंत सगळ्या जगाने पाहिली आहे, उपाध्यक्षांनी पाहिली, सहलीच्या पोरांनी पाहिली. तुम्ही आधी पूर्वेच्या काठावर जा, घरांच्या बाजूने भिंतीकडे चालत या, आणि तिच्यासमोर पाच मिनिटं नुसते उभे राहा.